पेलेटचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ: चार महिन्यांच्या वापरानंतर

परदेशातील शिकारी काडतुसे स्वतः भरून त्यांचा वेग कारखान्यातील मालाशी ताडून पाहतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे क्रोनोग्राफ असतोच. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. माझी मुलगी 10 मीटर एअर रायफलचा सराव करते, म्हणून परभणीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हेच यंत्र मांडले. साडेसहा हजार रुपये मोजून मागवलेल्या या पेटीत दोन प्रकाशसंवेदक आहेत. पेलेटला, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळीला, एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला लागलेल्या वेळावरून वेग काढला जातो.

डब्यातील पेलेट काट्यावर तोलून वेगळे काढले की नेम सुधारतो, असे आमच्याकडे सगळेच सांगत. मीही ओळखीच्या सराफाच्या मिलिग्रॅम काट्यावर 0.53 ग्रॅमचे दोनशे पेलेट निवडून घेतले (तो बिचारा सोन्याचा काटा शिशासाठी वापरायला नाखूशच होता). थेट डब्यातून घेतलेल्या वीस पेलेटचा वेग सेकंदाला 168 ते 173 मीटर आला, तर निवडलेल्यांचा 169 ते 173. दोन तास मान मोडून मिळाले ते एवढेच. वजनात दीड टक्का फरक असला तरी वेगात पाऊण टक्काच फरक पडतो, हे गणित आधी मांडले असते तर सराफाला त्रास दिला नसता.

खरा दोष दुसरीकडेच निघाला. रायफल वीस मिनिटे नुसती ठेवली की त्यानंतरचा पहिला पेलेट 178 ने जाई आणि पुढचे पुन्हा 170 च्या आसपास येत. म्हणजे प्रत्येक पेलेटमागे हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्येच दाब हळूहळू चढत होता. 170 ऐवजी 175 ने गेलेला पेलेट 10 मीटरवर सुमारे एक मिलिमीटर वर लागतो. टार्गेटवर अडीच मिलिमीटरला एक गुण असल्याने दशांश गुणांकनात हा फरक जवळजवळ 0.4 गुणांचा होतो. रेग्युलेटरचे सील बदलल्यावर तो पहिला उडी मारणारा आकडा नाहीसा झाला, आणि यंत्राची किंमत मला तिथेच वसूल झाली असे वाटते.

तक्रारीही आहेत. शेडमधील एलईडी ट्यूब लावली की संवेदक गोंधळतात; आकडा येतच नाही किंवा चारशेच्या घरातला येतो. दुपारी पत्र्याच्या फटीतून पडणारे ऊन तर त्याला मुळीच चालत नाही, त्यामुळे आम्ही वरून पांढऱ्या पुठ्ठ्याचे छप्पर केले आणि बॅटरीवरचा दिवा लावला. शिवाय बॅटरी बदलली की यंत्र मुकाट्याने फुटांवर जाते. मुलीने एकदा 558 चा आकडा पाहून रायफल बिघडली म्हणून मला शेतातून बोलावून घेतले होते.