सेन्सर ‘उलटा’ म्हणून कार्ड गळ्यात मारतात, सावध राहा

मोल्डिंग मशीनची स्केल, म्हणजे मोल्ड किती मिलिमीटर उघडला ते मोजणारा सेन्सर, बदलल्यावर रीडिंग उलटं आलं आणि कोणी ‘सिग्नल इन्व्हर्टर कार्ड’ घ्यायला सांगितलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. भोसरीतल्या आमच्या छोट्या युनिटला या कार्डापायी साडेअठरा हजारांचा चुना लागलाय.

क्लॅम्पची (मोल्ड उघड-बंद करणाऱ्या भागाची) ३०० मिलिमीटरची स्केल खराब झाली. सर्व्हिसवाल्याने नवी आणली, पण जागेअभावी तोंड फिरवून बसवली. साहजिकच मोल्ड उघडला की आकडा कमी व्हायचा. तो म्हणाला, “शेठ, हा रिव्हर्स टाइप आहे. इम्पोर्टेड कार्ड लागेल, नाहीतर पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) जळेल.” डिस्पॅच तोंडावर होता. त्याने काळ्या इपॉक्सीत बुडवलेली डबी लावली आणि पैसे घेऊन गेला.

त्यानंतर आकडा २५५ च्या पुढे सरकेना. मोल्ड ओपन २८० ला सेट, त्यामुळे सायकल तिथेच अडकायची. फोन केला तर म्हणाला, सेटिंग २५० करा.

आमच्या ओळखीच्या एका पॅनेलवाल्याने इपॉक्सी खरवडली. आत एलएम३५८ नावाचा एक साधा आयसी आणि मूठभर रेझिस्टर, सगळा मिळून पन्नास रुपयांचाही माल नाही. कार्डाला सप्लाय १० व्होल्टचा, आणि हा आयसी सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतो. १० व्होल्ट म्हणजे पूर्ण ३०० मिलिमीटर, तर साडेआठ म्हणजे २५५; म्हणून शेवटचे ४५ मिलिमीटर गायब!

पैशापेक्षा मला चीड आली ती पुढचं ऐकून. स्केलची १० व्होल्टची वायर तुटली की सिग्नल शून्यावर येतो. कार्ड त्याचं उलट करून २५५ दाखवणार, म्हणजे मशीनच्या लेखी मोल्ड पूर्ण उघडा. सेटिंग २५० केलेलं, म्हणजे बंद मोल्डवर इजेक्टर (तयार माल बाहेर ढकलणारा भाग) सुटायला परवानगी. लाखोंचा मोल्ड आणि शेजारी उभा ऑपरेटर, दोघांचाही जीव त्या डबीवर टांगलेला.

आमची स्केल पोटेन्शिओमीटरची, म्हणजे रॉड सरकला की रेझिस्टन्स बदलणारी, तीन वायरींची. पॅनेलवाल्याने मशीन बंद करून टोकाच्या दोन वायरींची अदलाबदल केली, मधली वायपरची (सरकत्या टोकाची) तशीच ठेवली, झिरो-फुल (बंद आणि पूर्ण उघड्या मोल्डचे आकडे) पुन्हा घेतलं. काम झालं. टोकाच्या वायरी कोणत्या ते मल्टिमीटर सांगतो: वायरी सोडवून रॉड हलवा, ज्या दोघींमधला रेझिस्टन्स बदलत नाही त्या टोकाच्या.

मात्र हॉल किंवा मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह (चुंबकावर चालणाऱ्या) सेन्सरवर हे चुकूनही करू नका. त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, सप्लाय उलटा दिला तर सेन्सर जाऊ शकतो. तिथे सिग्नल ४ ते २० मिलिअँपचा असेल तर पीएलसीच्या स्केलिंगमध्येच (सिग्नलचे मिलिमीटर करणाऱ्या सेटिंगमध्ये) ४ मिलिअँपला फुल आणि २० ला झिरो द्या. काही सेन्सरमध्ये दिशा बदलायचं सेटिंगही असतं.

सर्व्हिसवाला आता फोन उचलत नाही. बिलावर त्याने नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक पार्ट’ लिहिलंय, मेक नाही, मॉडेल नाही. तुमच्याकडे असा माणूस आलाच, तर कार्डाचा मेक, मॉडेल आणि डेटाशीट आधी मागा.