नववीचं इंग्रजी: कार्डपेटी की करारपत्र?

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयत शिक्षण संस्थेचं वाक्य साताऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. तरी इंग्रजीच्या तासाला अनेक वर्गांत गाईडच उघडतं. मुलांनी स्वतःच्या गतीने शिकावं यासाठी दोन मार्ग आहेत: उताऱ्यांच्या कार्डांची पेटी, किंवा मुलाने स्वतःची उद्दिष्टं लिहून द्यायचं करारपत्र.

कार्डपेटीत पाच रंगांचे पाच स्तर ठेवायचे. प्रत्येक कार्डावर १२० ते १५० शब्दांचा उतारा आणि सहा प्रश्न. मूल स्वतः कार्ड निवडतं, सोडवतं, तपासतं. सलग तीन कार्डांत पाच-पाच उत्तरं बरोबर आली की पुढचा रंग. पन्नासच्या वर्गात बहुतेक मुलं खालच्या दोन रंगांत अडकतात, म्हणून त्यांची वीस-वीस कार्डं करा, बाकीची दहा-दहा पुरेत. उत्तरपत्रिका कार्डाच्या मागे छापू नका, ती शिक्षकांच्या टेबलावर हवी. नाहीतर आठवड्यात सगळे शेवटच्या रंगात! विषय ओळखीचे घ्या: सांगलीचा हळद बाजार, कास पठार, एसटीचं वेळापत्रक. मात्र पेटीने मुलांचं तोंड उघडत नाही, म्हणजे इंग्रजी बोलण्याचा सराव होत नाही.

करारपत्रात मूल सोमवारी दोन उद्दिष्टं लिहितं, शुक्रवारी पुरावा दाखवतं. ‘ग्रामर सुधारेन’ हे उद्दिष्टच नव्हे, कारण ते तपासता येत नाही. ‘आजीच्या दिनक्रमावर आठ वाक्यं लिहून जोडीदाराला सांगेन’ हे चालेल. पण पन्नास करार एकाच शुक्रवारी तपासणं अशक्य. रोज दहा घ्या.

आमचं मत: दिवाळीपर्यंत पेटी, नंतर करार. ऊसतोडीच्या हंगामात मध्येच दाखल होणाऱ्या मुलांना मात्र पेटीच द्या, कारण तिच्यात मागं राहिलेलं भरून काढावं लागत नाही.