शोरॉक, जडसन की मार्शल? जुन्या गाडीसाठी जुना सुपरचार्जर

पन्नास-साठच्या दशकातल्या छोट्या चार सिलिंडरच्या गाडीला त्याच काळातला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) लावायचा म्हटलं, की वापरलेल्या मालात तीन नावं हमखास दिसतात: ब्रिटनचे शोरॉक आणि मार्शल, आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा जडसन. रस्त्यावरच्या वापरात तिघांकडूनही ५-६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) बूस्टच, म्हणजे वातावरणापेक्षा तेवढाच जादा दाब, घ्यावा, त्यामुळे ताकदीची तुलना फारशी कामाची नाही. खरा फरक तेलाचा आहे.

जडसनची पाती रेझिन-फायबरची. ती रोटरच्या खाचांत मोकळी सरकतात आणि केसिंगच्या भिंतीला घासतच फिरतात. त्यांना वंगण मिळतं वेगळ्या बाटलीतून, थेंबाथेंबाने. बाटली संपलेली लक्षात आली नाही तर पाती झपाट्याने झिजतात, आखूड होतात आणि खाचेत तिरकी अडकतात. वर्षानुवर्षं पडून असलेल्या युनिटमध्ये तीच पाती फुगून चिकटलेली सापडतात. बसवायला हा सोपा, पण लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या गाडीला घेऊ नये.

मार्शल रूट्स पद्धतीचा: दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात, गिअर स्वतःच्या तेलात बुडालेले. दणकट यंत्र. मात्र रूट्समध्ये हवा आत दाबली जात नाही, नुसती पुढे ढकलली जाते, म्हणून बूस्ट वाढवला की हवा फार तापते. ऑइल सील गेलं असेल तर उतारावर पाय काढताच मॅनिफोल्डचा (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम गिअरचं तेल ओढून घेतो आणि पुन्हा पाय दिला की मागे निळा धूर निघतो.

आमची पसंती शोरॉकला. त्याची पाती मधल्या शाफ्टवर बेअरिंगांनी धरलेली असल्याने टोकं भिंतीपासून केसभर लांब राहतात. तेल इंजिनच्या ऑइल प्रेशर लाइनमधून, एका अगदी बारीक जेटमधून येतं आणि मिश्रणासोबत जळून जातं. सगळी मदार या जेटवर. तो बुजला तर बेअरिंग जळतात. कुणीतरी ड्रिलने मोठा केला असेल तर प्लग तेलकट होतात. म्हणून घेताना जेट काढून उजेडाकडे धरा: भोक गोल आणि स्वच्छ हवं. मग शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. एकाच जागी अडत असेल तर पातं भिंतीला लागतंय. प्रत्येक फेरीत खरखर असेल तर बेअरिंग गेलंय. एंड प्लेटवर नखाला लागतील असे ओरखडे असतील तर युनिट सोडून द्या.

पुलीचा हिशेब अंदाजाने करू नये. १२७५ सीसीचं इंजिन एका फेरीत निम्मं, म्हणजे सुमारे ६३७ सीसी घेतं. ८० टक्के कार्यक्षमतेने ५१०. ब्लोअर फेरीला ७५० सीसी देणारा आणि पुलीचं प्रमाण १.३ (इंजिनच्या एका फेरीला ब्लोअरच्या १.३ फेऱ्या) धरलं तर ९७५. ब्लोअरच्या ७५ टक्के कार्यक्षमतेने ७३१. ७३१ भागिले ५१० म्हणजे वातावरणाच्या १.४३ पट दाब; त्यातला वरचा ०.४३ म्हणजे ढोबळमानाने ६ पीएसआय बूस्ट. कॉम्प्रेशन रेशो ८ च्या आसपास असेल तर इथेच थांबावं.

कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी असतो, त्यामुळे अख्खं मॅनिफोल्ड पेटणाऱ्या मिश्रणाने भरलेलं असतं. एक बॅकफायर झाला की केसिंग तडकू शकतं. जादा दाब बाहेर सोडणारा स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, आणि तो तपासून बसवावा. २५ मिमी व्यासाचा व्हॉल्व्ह ८ पीएसआयला उघडायचा असेल तर त्यावर सुमारे पावणेतीन किलोचा जोर येतो. व्हॉल्व्हला तेवढं वजन टांगा; तो जेमतेम हलला पाहिजे. जुनी स्प्रिंग बहुतेक वेळा याच्या बरीच आधी सुटते, नाहीतर गंजून सुटतच नाही.

सर्वांत जास्त गाड्या बिघडतात त्या इग्निशनमुळे. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (व्हॅक्यूम वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी कार्ब्युरेटरवर तशीच ठेवली जाते. तिथे बूस्ट पोचतच नाही. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये दाब आणि नळीत मात्र व्हॅक्यूम, म्हणजे नको त्या वेळी टायमिंग पुढे सरकतं. नळी बंद करा. एकूण अॅडव्हान्स दर पीएसआयमागे सुमारे १ अंशाने कमी धरून सुरुवात करा, आणि प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्या. ब्रेक सर्व्हो (मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारं यंत्र) असेल तर त्याच्या नळीतला एकेरी व्हॉल्व्ह दाबाखाली घट्ट बंद होतो ना ते पाहा. क्रँककेसचा श्वास मॅनिफोल्डला जोडलेला असेल तर तो काढून कॅच टँकमध्ये (तेलाची वाफ गोळा करणाऱ्या डब्यात) न्या, नाहीतर बूस्टचा दाब थेट सम्पमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरेल.

एसयू या ब्रिटिश बनावटीच्या कार्ब्युरेटरला वरच्या टप्प्यात जाड (पेट्रोल जास्त असलेलं) मिश्रण देणारी सुई लागते. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण १२ ते १२.५ ठेवावं. पेट्रोल पंपाचा दाब वाढवायची गरज नाही.

पट्टा सरळ पट्टीने एका रेषेत आणा, अंगठ्याने मध्ये १०-१२ मिमी दबेल इतका ताणा आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा ताणा. त्याच वेळी चारही प्लग काढून चिनीमाती भिंगातून पाहा. त्यावर बारीक चंदेरी ठिपके असतील तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. टायमिंग लगेच दोन अंश मागे घ्या, आणि तरीही ठिपके येत राहिले तर ब्लोअरची पुली मोठी करून बूस्ट उतरवा.