शिकारीची पहिली रायफल: जर्मन की ऑस्ट्रियन?

परीक्षा पास झालो, यागटशाइन (शिकारीचा परवाना) हातात आलं, आता रायफल कोणती घेऊ? बायर्नमधल्या (बव्हेरियातल्या) ओळखीच्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न अलीकडे वरचेवर येतो. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपला, त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायची सोय नाही. आजोबांच्या बारा बोरच्या गोष्टीही इथे फारशा कामाला येत नाहीत. मी म्युनिकच्या दक्षिणेला राहतो, सीमेच्या दोन्ही अंगांना शिकारीला जातो आणि दोन्हीकडची हत्यारं वापरली आहेत. कॅलिबर, वजन, नळीची लांबी हे कॅटलॉगात छापलेलं असतं, ते इथे उगाळत नाही.

नेमाचा मुद्दा आधीच बाजूला काढू. दोन्ही देशांत प्रत्येक नळी सरकारमान्य चाचणीतून जाते आणि तिच्यावर तसा ठसा उमटतो. नेहमीच्या अंतरावर यातली कुठलीही चांगली रायफल माझ्यापेक्षा सरळच मारते. चुकलेल्या बाराचा दोष रायफलीच्या देशावर ढकलणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचे बार दुसऱ्या देशाच्या रायफलीनेही चुकतात.

आजची जर्मन रायफल म्हटलं की बोट इस्नीकडे जातं. दक्षिण जर्मनीच्या आल्गॉय भागातलं हे छोटं गाव. ब्लाझर, माउझर आणि झाउअर ही तिन्ही नावं आता तिथूनच येतात. 2008 साली आलेली ब्लाझरची आर-8 हातात घेऊन बघाच. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, फिरवायचा नाही, सरळ मागे ओढून पुढे ढकलायचा. मॅगझिन आणि चाप एकाच डब्यात, दोन बोटांनी अख्खा डबा काढून खिशात टाकता येतो. किल्लीने दोन नट सैल केले की नळी सुटते, आणि दुर्बीण नळीवरच बसत असल्यामुळे पुन्हा जोडल्यावर नेमही जागेवर असतो. आज रे-हरणासाठी बारीक कॅलिबर, उद्या रानडुकरासाठी जाड, दस्ता तोच. या बाबतीत जर्मन बाजू भारी आहे, हे मान्य करायलाच हवं. फक्त एकदा या वाटेने गेलात की पुढची प्रत्येक नळी, दुर्बीण बसवायचं प्रत्येक माउंट त्याच घरचं घ्यावं लागतं, आणि बिल युरोत येतं.

ऑस्ट्रियाची दोन तोंडं आहेत. एक फेरलाख, केर्न्टेन प्रांतात कारावांकेन डोंगरांच्या पायथ्याशी. सोळाव्या शतकापासून तिथे बंदुका घडतात, 1878पासून बंदूककामाची शाळा आहे, आणि आजही गिऱ्हाइकाच्या मापाने एकेक बंदूक बनवणारी कारागिरांची घराणी आहेत. किमती मोटारींच्या, आणि वाट बघायची तयारी हवी. दुसरं तोंड श्टायर. मानलिशर-शोनाउअर 1903 याच गावची. नळीच्या टोकापर्यंत लाकूड, लोण्याच्या सुरीसारखा चपटा बोल्टचा दांडा आणि आत काडतुसं गोल फिरवणारं मॅगझिन. ती जुनी रायफल बघितली की आजच्या रायफली यंत्रं वाटायला लागतात. आजच्या श्टायरमध्ये फिरतं मॅगझिन उरलेलं नाही. पण कित्येक मॉडेल्सच्या नळीवर हातोड्यांच्या ठोक्यांची सर्पिल खूण मुद्दाम तशीच ठेवलेली दिसते. थंड पोलादावर चहूबाजूंनी ठोके देऊन नळी घडवणारी यंत्रं बनवणारा कारखानाही त्याच गावात आहे. मला ती खूण कुठल्याही कोरीवकामापेक्षा देखणी वाटते. बायकोच्या मते ते पॉलिश करायचं राहिलेलं काम आहे.

दिसण्याबद्दल एवढंच, की जर्मन दस्त्याला पाठीशी बाक आणि भरदार बव्हेरियन गालपट्टी असते, वर ओकच्या पानांचं खोल कोरीवकाम. ऑस्ट्रियन रायफल अंगाने सडपातळ, डोंगर चढताना खांद्यावर न जाणवणारी. फेरलाखच्या कोरीवकामात शॅमॉयचे (डोंगरी रानबकऱ्याचे) केस मोजता येतात. आवडीचा प्रश्न आहे, वाद घालू नये.

माझा कौल मात्र यातल्या कशानेच ठरला नाही. तो अंगठ्याने ठरला.

बऱ्याच नव्या जर्मन रायफलींना नेहमीचा सेफ्टीचा खटका नसतो. त्याऐवजी दस्त्याच्या मानेवर एक सरकता तुकडा असतो. तो अंगठ्याने पुढे ढकलला की आतली स्प्रिंग ताणली जाते आणि तेव्हाच रायफल बार काढायला तयार होते. नको असेल तर पुन्हा सैल करायची. कल्पना सुरेखच आहे: स्प्रिंग सैल, म्हणजे रायफल भरलेली असली तरी निर्धोक. दुकानात, उबेत, हे अगदी सोपं वाटतं. जानेवारीत संध्याकाळी मचाणावर दोन तास बसून बोटं लाकडासारखी झाली, वर जाड हातमोजा, आणि समोर झाडीतून हरीण अर्धंच बाहेर आलेलं, की तोच तुकडा हलता हलत नाही. जोर लावावा तर रायफल हलते, मोजा काढावा तर हरणाला हालचाल दिसते. शेवटी सरकतो तो असा टक् करून की हरणाची मान वर. हे माझ्या बाबतीत एकाहून जास्त कारखान्यांच्या रायफलींवर झालं, म्हणून नावं घेत नाही. कुणी म्हणेल सवयीचा भाग आहे. असेलही. माझा अंगठा काही त्या सवयीला लागला नाही.

श्टायरच्या नेहमीच्या रायफलींवर त्याच जागी एक छोटं चाक असतं. मागे फिरवलं की पांढरा ठिपका, म्हणजे बंद; पुढे फिरवलं की लाल, म्हणजे बार काढायला तयार. आणखी मागे नेलं की बोल्ट कुलूपबंद होतो, एक बारीक बटण वर येतं आणि बोल्टचा दांडा दस्त्याजवळ दाबून ठेवता येतो, म्हणजे चालताना कोटात अडकत नाही. ते चाक मी जाड मोज्यातूनसुद्धा हरणाला न कळता पुढे लोटू शकतो. बस्स, एवढंच कारण. (ताणायच्या खटक्याचं एक मॉडेल श्टायरनेही काढलं आहे, तेव्हा दुकानात नीट बघून घ्या.)

जर्मन बाजूचे लोक म्हणतील, सुरक्षितता आधी. बरोबर आहे. घसरणीच्या कड्यांवर शॅमॉयमागे जाणाऱ्याने त्यांचंच ऐकावं. पण मचाणाची शिडी चढता-उतरता नळी रिकामीच हवी, हा जर्मनीतला नियमच आहे. मग तो फायदा मला नक्की कुठे मिळतो, हे अजून कळलेलं नाही.

ऑस्ट्रियन घ्यायची म्हणून लगेच पूर्ण लाकडाच्या श्टुत्सनच्या प्रेमात पडू नका. 2020च्या कायदेबदलानंतर जर्मनीत शिकाऱ्याला सायलेन्सर घेणं सोपं झालं आणि कानांसाठी तो घ्यावाच. टोकापर्यंत लाकूड असलेल्या नळीवर तो बसवणं अवघड. शिवाय पावसात लाकूड फुगलं की नेम हलू शकतो. मी अर्ध्या लाकडाची, नळीच्या टोकाला आटे असलेली घेतली. श्टुत्सन दुकानात बघतो.

बजेट तंग असेल तर जुन्या बाजारात झूलचं ड्रिलिंग बघा. दोन छर्र्यांच्या नळ्या, खाली एक गोळीची. 1945नंतर थुरिंगियातलं हे गाव सोव्हिएत ताब्यात गेलं, इथल्या बंदूक कारखान्यांपैकी क्रीगहोफ उल्मला आणि झाउअर एकर्नफोर्डेला गेले. मेर्केलचं काम मात्र झूलमध्येच चालू राहिलं. पूर्व जर्मनीच्या काळातल्या झूलच्या बंदुकांचं लाकूडकाम आणि जोड आजही कुणालाही लाजवतील. फक्त त्यांच्या नळ्या एकमेकींना झाळलेल्या असतात आणि नेम विशिष्ट गोळीवर जुळवलेला असतो. काही राज्यांत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे, तेव्हा बिनशिशाची गोळी त्या नळीला मानवते का, हे पैसे देण्याआधी रेंजवर बघून घ्या.

नवी घेतलीत तर दस्ता इथल्या लांब हातांच्या मापाचा असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो लांब पडतो, गाल दुर्बिणीपर्यंत पोचत नाही. ब्युक्सनमाखरकडून (बंदूक कारागिराकडून) तो कापून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि ऑस्ट्रियात स्वस्त मिळाली म्हणून गाडीत टाकून परत येऊ नका. आणण्याची परवानगी आधी काढावी लागते.