खांब नंतर पाहा, आधी पनाळ पाहा : आर्वीतल्या जुन्या घराचा अनुभव

आर्वीच्या जुन्या बस्तीतलं घर घेऊन आम्हाला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिन्ही ऋतू झाले. चौक, ओसरी, माजघर, वर माडी, मागे विहीर, छपरावर इंग्रजी कवेलू (म्हणजे मंगलोरी कौलं), पुढे दिंडीचा दरवाजा. अशी घरं इकडच्या प्रत्येकानं आजोळी पाहिलेली असतात, म्हणून वर्णन करत बसत नाही. कापसाच्या पैशावर उभी राहिलेली घरं आहेत ही, पुलगावहून छोटी रेल्वे इथवर येत होती त्या जमान्यातली. मला लिहायचं आहे ते पनाळीबद्दल, म्हणजे छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीबद्दल. ऑगस्टमध्ये माजघराची भिंत वरपासून खालपर्यंत ओली झाली, पोपडा देव्हाऱ्यावर पडला, आणि तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेलो तरी आधी छप्पर पाहतो.

पण उन्हाळ्याचा भाग मे महिन्यातच लिहून ठेवला होता, तो तसाच देतो.

वर्धा जिल्ह्यात मे म्हणजे ४५ अंशांच्या आसपास. आधी आम्ही ले-आऊटमध्ये स्लॅबच्या घरात राहत होतो. तिथे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत डोक्यावर आग ओकत असे आणि कूलर नुसता दमट वारा फिरवत असे. इथली भिंत दोन फुटांची. दुपारचं ऊन तिच्यातून आत यायला मध्यरात्र होते आणि तोवर चौकातून घर निवायला लागलेलं असतं. छपराखाली तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्यांचं आढं आहे, तिच्यावर मातीचा थर, त्यामुळे कवेलूचा ताव खाली उतरत नाही. माजघरात दुपारी एकपर्यंत नुसत्या पंख्यावर भागतं. त्यानंतर लावलेला कूलर खरंच गार करतो, कारण त्याची हवा बाहेर जायला चौक मोकळा आहे. विजेचं बिल जुन्या घराच्या निम्म्याहून कमी आलं. मी जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा माणूस, मला नक्षीपेक्षा हे बिल जास्त देखणं वाटलं. बायको म्हणाली, फ्रेम करून लावा. पाहुणे ओसरीतल्या बंगईवर बसून 'काय घर पटकावलं!' म्हणून जायचे. तेव्हाचं माझं मत : पैकीच्या पैकी.

इथवर वाचून कुणी इसार द्यायला निघाला असेल तर जरा थांबा.

आमचं छप्पर आणि शेजारच्या काकाजींचं छप्पर, दोन्ही मधल्या सामाईक भिंतीकडे उतरतात. दोन घरांचं पाणी त्या भिंतीच्या डोक्यावरच्या एकाच पनाळीत पडतं. पनाळ चाळीस फूट लांब आणि रुंदी अवघी नऊ इंच. परसाकडे असायचा ढाळ मध्येच बसलेला, जोड नुसते ठोकलेले, आणि फाल्गुनात झडलेला कडुनिंबाचा पाला आत दाबून बसलेला. जोराची सर आली की पनाळ तुंबते, पाणी मागे कवेलूंखाली चढतं आणि सरळ भिंतीत उतरतं. ही भिंत बाहेरून भाजक्या विटेची, पोटात मातीची. पाणी पिऊन माती फुगते, मग बसते. त्याहून वाईट म्हणजे मयालीचं, म्हणजे आडव्या तुळईचं, जे टोक भिंतीत टेकलेलं असतं ते ओलीत कोंडून आतून सडायला लागतं. सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकतं हे खरं, पण हवेत असलेलं. बाहेरून नक्षी जशीच्या तशी दिसते आणि टोकाला पेचकस घातला तर तो बोटभर आत जातो.

दलाल तुम्हाला खांब दाखवतो. तुळशीवृंदावन दाखवतो, आगळ सरकवून दाखवतो, बळदात बॅटरी मारून दाखवतो. छपरावर शिडी कोणी लावत नाही.

जूनच्या सुरुवातीला, आभाळ भरायला लागलं तेव्हा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं होतं. त्यानं पनाळीला आणि काठच्या कवेलूंना पांढरं केमिकल फासलं, दहा वर्षांची गॅरंटी सांगितली आणि ३८ हजार घेतले. ऑगस्टपर्यंत ते केमिकल पापडासारखं सुटून परसात पडलं. फोन केला तर म्हणाला, "साहेब, वांदरांचं नुकसान गॅरंटीत येत नाही." वांदरं येतात हे कबूल. काळतोंड्यांची टोळी कडुनिंबावरून उडी मारते आणि दर वेळी दोन-चार कवेलू फोडते. पण पनाळीत वांदर कशाला बसेल? मग गॅरंटीचं कार्ड नीट वाचलं. खाली बारीक अक्षरात होतं, 'कवेलू व पत्र्याची छते वगळून'. मी त्याला विचारलं, मग आमच्या घरात गॅरंटी कशाची राहिली, अंगणाची? त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. त्या ३८ हजारांची नोंद माझ्या वहीत अजून 'येणे' बाजूला आहे.

मग मी काकाजींकडे गेलो की तुमच्या छपराचं पाणी तुम्ही तुमच्या अंगाला वळवा. ते शांतपणे म्हणाले, "पाणी तं पहिलेपासून इकूनच जाते. तुमी आत्ता आले." मला राग आला, पण ओळखीच्या वकिलानं सांगितलं की काकाजी बरोबर आहेत. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा. सुरुवातीला तो ज्या मोजक्या प्रांतांना लागू झाला त्यांत मध्य प्रांत होता, म्हणजे आपला वर्धा जिल्हा पहिल्यापासून त्यात. छपराचं पाणी वीस वर्षं उघडपणे, विनातक्रार, हक्कानं एका वाटेनं जात असेल तर ती वाट बंद करता येत नाही. विक्रीपत्रात असल्या गोष्टीचा उल्लेख सापडेलच असं नाही. घर घेतलं की शेजाऱ्याचं पाणीही घेतलं, असा त्याचा अर्थ. जुन्या बस्तीत दोन घरांच्या मध्ये बोटभर जागा नसते, तेव्हा हे प्रत्येकाला लागू.

शेवटी काम झालं ते असं. दसऱ्यानंतर उघाड पडल्यावर दोन्ही बाजूंच्या काठच्या तीन-तीन ओळी कवेलू उतरवली. २४ गेजचा जस्ती पत्रा मोडून दीड फूट रुंदीची पनाळ केली, दोन्ही काठ कवेलूंखाली चांगले आत घेतले, जोडाला सहा इंचांचा चढाव दिला, खाली फळी बसवून परसाकडे ढाळ धरला. पत्रा, मोडणावळ, मजुरी मिळून साधारण नऊ हजार. काकाजींनी पत्र्याचे अर्धे पैसे दिले, मजुरीचे नाही. मजुरी म्हणे ज्याच्या घरात गळते त्याची. त्यावर मी अजून वाद घालतो आहे. पनाळीच्या तोंडाला जाळी लावू नका, पाला जाळीतच अडतो. वर्षातून दोनदा माणूस चढवून हातानं साफ करून घ्या, पाला झडून झाल्यावर आणि मृगाच्या आधी.

कवेलूंचं एक : नवीन साच्याची जुन्यात बसत नाहीत, खाच जुळत नाही. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात, आणि वांदरांच्या कृपेनं राखीव साठा ठेवावाच लागतो. पडलेल्या घरांची जुनी कवेलू विकणारे असतात, पण छाप आणि माप जुळवूनच घ्या. आमच्याकडे असा एक माणूस कवेलू द्यायला आला आणि ओसरीचे खांब विकता का म्हणून विचारून गेला. ही घरं राहायला घेणाऱ्यांपेक्षा लाकडासाठी घेणारे जास्त आहेत, हेही लक्षात ठेवा. त्यांचा भाव ऐकला की घरमालकाचा भाव स्वस्त होता की महाग ते कळतं.

भिंतीबद्दल आता पावसाळा पाहिल्यावर सांगतो. कमरेपर्यंत ऑइलपेंट दिसला की समजा, खाली लोणा आहे, म्हणजे ओलीनं भिंतीतून फुटणारा खार. आमच्याकडे आधीच्या मालकांनी लोणा झाकायला सिमेंटचा गिलावा केला होता. त्यानं ओल बाहेर पडायची थांबली आणि भिंतीत वर चढत गेली. सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा केला तेव्हा कुठे भिंत वाळायला लागली. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळायला वेळ लागतो आणि तो रोजीही जास्त घेतो. तरी भिंत बोटाच्या पेरानं ठोकत चला, पोकळ वाजेल तेवढाच गिलावा काढा. सगळा काढायला सांगतो तो तुमचा खर्च वाढवतो.

कागदांचं थोडक्यात. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं आहे, ते वाचा. नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीचा, पट्टा असेल तर मुदत कधी संपली ते पाहा. नागपूर-अमरावती विभागांतल्या नझूल पट्ट्यांसाठी शासनानं सवलतीची अभय योजना काढली होती. मालकानं तिचा फायदा घेतला का, आणि पुढचं चलन कोणी भरायचं, हे इसारचिठ्ठीत लिहून घ्या. वारस पुण्या-मुंबईला पांगलेले असतात, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे मोजू नका. संडासाची टाकी उपसायची गाडी आमच्या बोळीत शिरत नाही, लांब पाइप लावावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे. चारचाकीचा विषयच नाही.

परतीच्या पावसाला काम झालेलं नव्हतं. पण डिसेंबरात एक अवकाळी रात्र झाली, गारांसकट. मी बॅटरी घेऊन माजघरात उभा होतो. भिंत कोरडी राहिली. एका रात्रीवर निकाल देत नाही, खरी परीक्षा येत्या जुलैत. तूर्त दहापैकी सात. मेमध्ये आठ होतील, मला माहीत आहे.

राहिलं वायरिंग. लाकडी पट्ट्यांतलं जुनं आहे, अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियननं सांगितलेला आकडा ऐकून मी ते पुढच्या कापसाच्या हंगामावर टाकलं आहे. तोवर गीझर चालू असताना मिक्सर लावायचा नाही, असा घरात नियम आहे.