चुलाणापुढचा टोस्टर: घडीव लोखंड की माइल्ड स्टील?

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या घरांत पाव भाजायला लोखंडी टोस्टर असे: लांब दांडा, बुटके पाय, पावाचे काप उभे धरणाऱ्या कमानी. कमानींची चौकट मधल्या रिव्हेटवर (ठोकून बसवलेल्या खिळीवर) फिरते. एक बाजू भाजली की ढकलून दुसरी आगीकडे करायची.

तसाच घडवायचा तर खरं घडीव लोखंड हवं. त्यात कार्बन नगण्य, पण मळीचे (धातू गाळताना उरणाऱ्या काचेसारख्या गाळाचे) बारीक धागे लांबीभर पसरलेले, लाकडाच्या रेषांसारखे. पांढऱ्या तापावर ते लोण्यासारखं वळतं आणि मळीमुळे तुकडे सहज सांधले जातात. मात्र निवून लाल पडल्यावरही ठोकत राहिलात की रेषेवर चिरतं. पीळ घालताना तर हमखास! शिवाय नवं बनतच नाही म्हणा. जुनी कुंपणं, साखळ्या शोधाव्या लागतात.

माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचं साधं पोलाद, कुठल्याही लोखंडाच्या दुकानात मिळतं, कमी तापावरही चिरत नाही. सांधताना टाकणखार (सांधा स्वच्छ ठेवणारी बोरॅक्सची पूड) टाकावा लागतो, एवढंच. कमानींना ६ मिमी सळई पुरते.

शिकाऊ हाताला मी स्टीलच देईन. जस्ताचा मुलामा असलेलं मात्र भट्टीत नको, धूर विषारी असतो. आणि रिव्हेट जरा सैलच ठोका, नाहीतर चौकट फिरणार कशी?