रिले की सॉकेट: गाडीच्या वायरिंगमध्ये पैसे कुठे घालावेत?

जोडहॉर्न, फॉग लॅम्प किंवा हेडलाइटला वेगळी लाइन द्यायची ठरली की बहुतेक जण रिलेच्या (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कंपनीवर अडून बसतात आणि तो खोचायचं सॉकेट मात्र दुकानदार देईल ते घेतात. माझं मत नेमकं उलट आहे. चांगल्या कंपनीचा कुठलाही रिले वर्षानुवर्षं निभावतो आणि गेलाच तर दोन मिनिटांत बदलता येतो. सॉकेट हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, बांधलेलं असतं. ठाणे-नवी मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाडीकडच्या खाऱ्या, दमट हवेत सगळ्यात आधी हिरवी पडतात ती त्यातली टर्मिनल्स, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या क्लिपा. बजेट तुटपुंजं असेल तर सॉकेट, टर्मिनल आणि वायर यांवर हात आखडू नका.

रिले दोन आकारांत मिळतात. मिनी म्हणजे साधारण २८ मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा, त्याची सगळी पाती (सॉकेटमध्ये जाणाऱ्या चपट्या पिना) ६.३ मिलिमीटर रुंद. मायक्रो त्याहून बारीक, त्यात कॉइलची (रिले ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीची) पाती ४.८ मिलिमीटरची. कंपनीच्या फ्यूज बॉक्समध्ये मायक्रो जागा वाचवतो, पण स्वतः लाइन टाकणाऱ्याने मिनीच घ्यावा. त्याची टर्मिनल्स कुठेही मिळतात, आणि रात्री घोडबंदर रोडवर रिले गेला तरी जवळचा ऑटो इलेक्ट्रिशियन तसाच दुसरा काढून देईल.

चार पिन की पाच पिन, हा प्रश्न सोपा वाटतो आणि तिथेच फसगत होते. नुसतं चालू-बंद करायचं तर चार पिन पुरे (आकडे म्हणजे पिनांचे छापील नंबर): ३० ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे सप्लाय, ८७ मधून दिव्याला, ८५ आणि ८६ कॉइलचे. पाच पिनमधला मधला ८७ए रिले बंद असताना ३० शी जोडलेला असतो. एक बंद झालं की दुसरं चालू व्हावं, अशा कामासाठी तो. पण काही पाच पिनच्या रिलेत मधलं पातंही ८७ च असतं, म्हणजे दोन्ही आउटपुट एकदम चालू होतात. दोघांचं रूप एक, सॉकेटही एकच. दोन ८७ वाल्याच्या जागी ८७ए वाला खोचला, तर मधल्या पिनवरचा दिवा गाडी बंद असतानाही जळत राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. काही रिलेंत तर ३० आणि ८६ च्या जागाच अदलाबदल केलेल्या असतात. म्हणून दुकानात खोकं वाचू नका, रिलेच्या अंगावरची आकृती वाचा. जुन्या सॉकेटमध्ये नवा रिले घालताना तर ती जुळवल्याशिवाय घालूच नका.

आता कॉइलचा प्रश्न. तिचा करंट तोडला की क्षणभर उलट्या व्होल्टेजचा झटका बसतो, तो शंभर-दोनशे व्होल्टपर्यंतही जातो. साध्या स्विचला त्याचं फारसं काही नाही. पण सिग्नल गाडीच्या कंट्रोल मॉड्यूलमधून (इलेक्ट्रॉनिक डब्यातून) घेतला असेल तर साधा रिले नको, झटका दाबणारा भाग आत असलेला, म्हणजे डायोडवाला किंवा रेझिस्टरवाला, घ्या. डायोड झटका जास्त चांगला दाबतो, पण त्याला प्लस-मायनस पाळावं लागतं (सहसा ८६ प्लस, ८५ मायनस). उलटं लागलं तर थेट शॉर्ट. रेझिस्टरवाला कसाही लावा, चालतो. घरी काम करणाऱ्याला मी तोच सुचवेन.

अँपिअरचा बाऊ मात्र नको. साध्या एच-४ हेडलाइटचा हाय बीम प्रत्येकी ६० वॅटचा, म्हणजे दोन्ही मिळून १० अँपिअरच्या आसपास. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी याच्या कितीतरी पट ओढते, तरीही ३० किंवा ४० अँपिअरचा रिले निवांत पुरतो. जास्त करंटच्या खऱ्या रिलेला ९.५ मिलिमीटर रुंद पाती देतात. ६.३ च्या पात्यांवर ‘८०’ छापलेला रिले स्वस्तात मिळत असेल तर तो तिथेच ठेवा.

खरी निवड सॉकेटची. वायरी आधीच लावलेलं तयार सॉकेट सगळ्यात सोयीचं, पण त्या वायरी बघूनच घ्या. टोक चाकूने खरवडा. आत तांबूस न दिसता पांढुरकं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि क्रिम्पखाली (टर्मिनल वायरीवर दाबून बसवलेल्या जोडात) ती लवकर सैल होते. सुटं सॉकेट आणि सुटी टर्मिनल्स घेतली तर वायर तुमच्या मर्जीची. ३० आणि ८७ ला अडीच एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर), कॉइलला पाऊण एमएम पुरते. हिशेब असा: १० अँपिअर करंट तीन मीटर वायरमधून गेला, तर एक एमएम वायरमध्ये जवळजवळ अर्धा व्होल्ट गळतो, अडीच एमएममध्ये ०.२. हेडलाइटचा उजेड फिका पडतो तो अशाच गळतीने.

सुट्या टर्मिनलची अट एकच, क्रिम्पिंगची खरी पक्कड हवी. दाताने सोललेली वायर साध्या पक्कडीने दाबून वर काळी टेप गुंडाळली की पहिल्या पावसापुरतंच ते टिकतं. क्रिम्प झाल्यावर वायर जोरात ओढून बघा, आणि सॉकेटमध्ये टर्मिनल बसताना ‘टक’ आवाज आलाच पाहिजे. तो नाही आला तर रिले खोचताना टर्मिनल मागे सरकतं आणि पातं जेमतेम टेकतं. अशा सैल जोडाचा रोध १० मिलिओहम जरी झाला, तरी २० अँपिअरला त्या एवढ्याशा जागेत ४ वॅट उष्णता तयार होते. जुनी सॉकेटं काढून बघा, ३० आणि ८७ च्या भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं दिसेल. दोष रिलेला दिला जातो, रिले बदलला जातो आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते.

बॉनेटखाली, बंपरजवळ बसवायचं असेल तर रबरी सील असलेलं वॉटरप्रूफ सॉकेट आणि त्याला जुळणारा, तळाशी प्लास्टिकचा घेर असलेला रिले घ्या, महाग पडलं तरी. डॅशबोर्डखाली त्याची गरज नाही. साधं सॉकेट बॉनेटखाली लावणं भागच असेल तर ते उंचावर आणि तोंड खाली करून लावा, म्हणजे पाणी साचणार नाही. फ्यूज मात्र रिलेपाशी नको, बॅटरीपाशी हवा: १५ चा निळा किंवा २० चा पिवळा, वायरीच्या कुवतीप्रमाणे.

तुर्भे-कळंबोलीकडे ट्रकचं सामान विकणाऱ्या दुकानातून घेत असाल तर व्होल्टेज वाचून घ्या. २४ व्होल्टचा रिले कारच्या १२ व्होल्टवर ओढतच नाही, म्हणजे चालूच होत नाही. उलट १२ चा रिले २४ वर लावला तर कॉइल चौपट तापते आणि जळते.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापून जोड देण्यापेक्षा मूळ कपलरमध्येच (जोडणीच्या प्लगमध्येच) बसणारं तयार किट घ्या. किटमधलं सॉकेट उघडून टर्मिनल्स ओढून बघा. ती पक्की असतील आणि रिले सुमार असेल, तर किट ठेवा आणि रिले तेवढा बदला.